न पुसता

"काका, आधी नीट ऐका, मग अंगठा द्या," डॉ. नाझनीन मुलाणी म्हणाली. सर्जेराव पेंटर चष्मा घरी विसरून आले होते, म्हणून पडद्यावरचा प्रश्न तीच वाचून दाखवत होती. "'संच बसवताना एखाद्या जागी आधीचंच काही सापडलं, तर काय करायचं?' उत्तरं तीन आहेत. जुनं पुसून त्यावर नवं लिहा. जुनं राहू द्या, नवं सोडून द्या. नाहीतर जुनं राहू द्या आणि नवं त्याच्या शेजारी ठेवा."

सर्जेरावांना विचार करावा लागला नाही. पन्नास वर्षं त्यांनी कराडात पाट्या रंगवल्या होत्या. आता दुकानादुकानावर पडदे झाले, दर मिनिटाला नाव बदलणारे. पण गावोगावच्या शाळांच्या भिंती आणि ट्रकांच्या पाठी अजून त्यांच्याकडं येत. पूर्वी किराणा जाऊन औषधाचं दुकान आलं की मालक म्हणायचा, पेंटर, त्यावरच मारा की रंग. सर्जेराव ऐकायचे नाहीत. रंगावर रंग दिला म्हणून खालचं अक्षर मरत नाही. दहा उन्हाळे गेले की ते वर येतं, आणि मग धड औषध वाचता येत नाही, धड किराणा.

"जुनं पुसायचं न्हाई," ते म्हणाले. "हायच काय तिच्यापाशी आता, जुन्याशिवाय? नवं शेजारी ठेवा."

"मीही तेच म्हणणार होते," नाझनीन म्हणाली, आणि त्यांचा अंगठा काचेवर टेकवून घेतला.

खिडकीपाशी त्यांची बायको बसली होती. पासष्ट वर्षांची वैजयंती. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. चार वर्षांपूर्वी तिला विसराचा आजार लागला. हा आजार चोरासारखा मागच्या दारानं येतो; सगळ्यात शेवटी ठेवलेलं आधी उचलतो. काल काय जेवलो ते गेलं. मग नातवाचं बारसं. मग मुलीचं लग्न, मग मुलगी. गेल्या दिवाळीत तिनं सर्जेरावांना विचारलं होतं, "तुम्ही कुनाकडं आलाय?"

पण आजार ओळखू आला तेव्हा ती अजून बरीचशी तिची होती, आणि तेवढ्यात केंद्रातल्या लोकांनी काम करून घेतलं. तिच्या कपाळाला वर्षभर एक मऊ पट्टी बांधली. ती जुने फोटो बघायची, मसाल्याचे डबे हुंगायची, नाझनीनशी तासन्तास बोलायची, आणि कुठल्या आठवणीला मेंदूतली कुठली वीज कशी नाचते ते पट्टी टिपून घ्यायची. त्या टिपणांचा झाला संच. आता तिच्या डोक्यात कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ जाळी बसवली होती. फोनवर नवं काही बसवतो तसा तो संच जाळीतून आत उतरणार होता, प्रत्येक आठवण आपापल्या पत्त्यावर. पत्ता रिकामा असेल तर सरळ लिहायचं. कुणी राहत असेल, तर ज्याचं जुनं घर त्याला हात लावायचा नाही. नव्यानं शेजारी खोली घ्यायची.

"एकवीस दिवस जाळी ओली असते," नाझनीननं सांगितलं. "तोवर बदल करता येतो. मग ती पेशींशी एकजीव होते. मग नाही."

"ओल्या रंगासारखं," सर्जेराव म्हणाले.

"अगदी तसंच."

तिसऱ्या दिवशी सकाळी वैजयंतीनं चहा मागितला. आलं घालून, आणि साखर कमी. सर्जेरावांनी घाईनं ओतला, अर्धा चहा बशीतच गेला. पाचव्या दिवशी तिनं कोयनेच्या पुराची गोष्ट सांगितली. गुडघाभर पाणी घरात आलं होतं आणि रंगाचे डबे तरंगत उंबऱ्यापर्यंत आले होते, ती. सातव्या दिवशी पुण्याहून ऋतुजा आली. आईच्या पायाशी बसली आणि भीत भीत म्हणाली, "मी कोण सांग."

"ऋतुजा न्हवं का तू? पायाळू जन्मलीस. तीन दिवस दूध ओढंनास." तिनं पोरीच्या केसांवरून हात फिरवला. "शाळंत आंबट वरणाचाच डबा लागायचा तुला."

ऋतुजा हसत रडायला लागली. सर्जेराव पेढे आणायला उठलेच होते. तेवढ्यात ती मायेनं म्हणाली, "लई केलं गं तुझ्या आईनं तुझ्यासाठी. लई गुणी बाई."

ऋतुजानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं.

"अगं, तूच ना माझी आई?" ऋतुजा म्हणाली.

"मी?" ती लाजल्यासारखी हसली. "मी शालन. तांबव्याची. माझं कुठलं गं लगीन?" मग सर्जेरावांकडं वळून म्हणाली, "दाजी, बसा की. असं हुबं का?"

दाजी. बहिणीचा नवरा.

नाझनीननं दोन दिवस मेंदूचे नकाशे तपासले. मग दोघांना समोर बसवलं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"संच चांगला बसलाय," ती म्हणाली. "नव्वद टक्क्यांच्या वर. एकच जागा सोडून. ज्या पत्त्यावर माणूस 'मी' ठेवतं, ती जागा. आम्ही टिपून घेतलं तेव्हा तिथं वैजयंती होती. पुढच्या दोन वर्षांत आजारानं वैजयंतीला नेलं. आम्हाला वाटलं जागा रिकामी असेल. तशी नव्हती. खाली दुसरं नाव होतं, त्याच्याही आधीचं."

"शालन," सर्जेराव म्हणाले.

"हो. लग्नाआधीचं. जुनं होतं, म्हणून संचानं त्याला हात लावला नाही. वैजयंतीला शेजारी ठेवलं. त्रेचाळीस वर्षांचं सगळं तिच्याच नावाला बांधलेलं. ते सगळं काकूंना आठवतंय, पण शेजारणीचं आठवावं तसं. मधल्या भोकांवर मेंदू आपला आपण गोष्ट विणतो. लग्न झालं नाही म्हणाल्या ना, ती तशीच विणलेली."

"फोटो दाखवा तिला. आरसा दाखवा," ऋतुजा म्हणाली.

"दाखवला. म्हणाल्या, 'लोक म्हंतात मी तिच्यावानी दिसती.'"

"मग दोघींना एक करा."

"करून पाहिलं. 'मी'च्या खुर्चीवर एकच बसते." नाझनीन थांबली. "शालन पुसून त्या जागी वैजयंती लिहिता येईल. अजून अकरा दिवस आहेत. काकू तुम्हाला नवरा म्हणून ओळखतील, तुला मुलगी म्हणून. पण शालनला बांधलेलं सगळं जाईल. पहिली बावीस वर्षं. आई, भाऊ, नदी, ओव्या."

"संमती कुणाची लागते?" सर्जेरावांनी विचारलं.

"त्यांची. त्यांना देता येत नसेल तर तुमची."

"त्यांची म्हंजे कुनाची?"

नाझनीननं मान खाली घातली. त्याला तिच्याकडं रकाना नव्हता.

त्या अकरा दिवसांत सर्जेरावांच्या घरात एक पाहुणी राहत होती. पहाटे उठायची, अंगण झाडायची, गुणगुणायची. भांडी कुठं आहेत ते तिला माहीत होतं. "वैजयंतीची सवय, तवा चुलीमागं ठेवायची," म्हणायची आणि अचूक काढायची. त्यांच्यासमोर मात्र पदर सावरून बसायची. आपलं अंथरूण तिनं सैपाकघरात घातलं होतं.

"दाजी, बशी हाय ती, इहीर न्हाई," त्यांच्या चहाच्या फुरक्यावर ती एकदा म्हणाली.

सर्जेरावांनी बशी खाली ठेवली. "वैजयंती बी असंच म्हनायची."

"म्हननारच. तिला तुमच्या फुरक्याचा लई राग. पन तुम्ही पाट्या रंगवायला गावाला गेलात की घर कसं मुकं व्हायचं म्हने. मग ती एकटीच चहा करून फुरका मारून बघायची. तुमच्यासारखा जमायचा न्हाई तिला."

हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. वैजयंती बोलणाऱ्यातली नव्हतीच. राग आला की भाकरी जाड थापायची, माया आली की पातळ, त्यावरून ओळखायचं. आता तीच त्यांच्यासमोर बसून तिच्या मनातलं एकेक काढून देत होती, माहेरवाशिणीची ट्रंक दुसऱ्याच बाईनं उघडून दाखवावी तसं.

ऋतुजाला ते ऐकवेना. एकोणिसाव्या दिवशी ती परसात बापाला गाठून म्हणाली, "अप्पा, किती दिवस बघत बसणार आहात?"

"बघतोय खरं."

"तिची आई गेली, भाऊ गेला. तांबव्याचं घर विकून तीस वर्षं झाली. शालनला आठवणारं कुणी राहिलंय का? मी आहे, अप्पा. मी जिती आहे. मला माझी आई पाहिजे, माझ्या आईची गुणगाणं नकोत." तिनं डोळे पुसले. "ती मला काल म्हणाली, 'तुझी आई गेल्यापासनं वाळलीस गं.' सांगा मी काय बोलू?"

लेकीचं काही चुकत नव्हतं. त्यांनाही तेच हवं होतं. लेकीहून जास्त हवं होतं. कुणीतरी परत एकदा नुसतं "अवो" म्हणावं. दाजी नव्हे, काका नव्हे. अवो.

"करू," ते म्हणाले. "परवा जाऊ आन् करू. तू नको थांबू, तुझी पोरं खोळंबली असतील."

विसाव्या दिवशी दुपारी शालन उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. पितळी ताट, ऊन तिरपं. सर्जेराव समोर बसले. का कुणास ठाऊक, त्यांचं बोट आपोआप ताटाकडं गेलं. निवडलेल्या तांदळात त्यांनी 'व' काढला, वर दोन मात्रा दिल्या. हात अजून सराईत होता.

"असंच काढलं हुतं त्या दिवशी," ती म्हणाली.

"कुठल्या?"

"तुमच्या लग्नात. तिच्या."

लग्नातला तो विधी सर्जेरावांना लख्ख आठवत होता. नवरदेवानं ताटातल्या तांदळात बोटानं नवरीचं नवं नाव काढायचं आणि साखर वाटायची. मित्र म्हणाले होते, पेंटरच तो, झोकात काढणार. नाव त्यांनी महिनाभर आधी ठरवलं होतं. कागदावर बरीच नावं लिहून बघितली. शालन म्हणजे तीन सरळ अक्षरं, पाटीवर उठाव नाही. वैजयंतीला मोरपिसासारख्या दोन मात्रा, मधे टिंब, शेवटी 'ती'ची वेलांटी कशी कमानीसारखी खाली येते. अक्षराला भुलून त्यांनी माणसाचं नाव ठरवलं होतं. त्यात काही वावगं असतं हे तेव्हा ना त्यांना वाटलं, ना मांडवात दुसऱ्या कुणाला.

"तिला आवडलं हुतं का नाव?" त्यांनी विचारलं. त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

शालन तांदळातला खडा शोधत राहिली. "ती ताटाकडं बगतच नव्हती. तुमच्या बोटाकडं बगत हुती. बोटाला निळा रंग हुता, लगीन असून धुतला नव्हता तुम्ही. तिला वाटलं, मानूस कामाचा हाय. तिथंच जीव जडला तिचा." मग हसून म्हणाली, "आन् तिथंच ती मनात रडली बी. आमच्यात ओवी हाय तिची. कुनाला म्हनून दाखवली न्हाई."

तिनं डोळे मिटले. आवाज म्हातारा होता, पण चाल कोवळी होती. जात्याच्या फेऱ्यासारखी घरंगळत गेली.

*ताटातल्या तांदळाला । बोट निळं गं फिरलं*
*मला न पुसता पुसलं । नाव आईनं कोरलं*

सर्जेराव ताटाकडं बघत राहिले. तांबव्याकडच्या जुन्या बायका विचारण्याला पुसणं म्हणत. 'लेकीला पुसा की, येती का जत्रेला?' असं त्यांची सासू म्हणायची. आणि पुसणं म्हणजे पुसणंही. केंद्रातल्या काचेवर त्यांनी किती ठासून सांगितलं होतं, जुनं पुसायचं न्हाई. दहा उन्हाळ्यांनी खालचं अक्षर वर येतं, हे माहीत असलेल्या माणसानं आपल्याच घरात रंगावर रंग दिला होता. खरवडून नाही, विचारून नाही.

आणि उद्या परत.

त्यांनी तांदूळ हातानं सारखा केला. "एक सांगायचं हाय. नीट ऐका." त्रेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं, आज तोंडातून तेच आलं. "वैजयंतीला परत आणता येतं. उद्याच. दवाखान्यात. पन मग तुम्हाला जावं लागंल. तुमची आई, नदी, ही ओवी, सगळंच. म्हनून पुसतो. चालंल का?"

शालनचे हात थांबले. अंगणात चिमण्या टाकलेले किडके दाणे टिपत होत्या. त्यांच्यावरची नजर काढून ती त्यांच्याकडं वळली.

"ती आली तर तुम्ही रडायचं थांबाल?"

सर्जेरावांनी मान डोलावली.

"पोरगी बी?"

"व्हय. पोरगी बी."

"मग जाती की मी," ती सहज म्हणाली, शेजारी विरजण मागायला निघाल्यासारखी. "त्यात काय एवढं? एकदा गेलीच हुती."

बोलून गेल्यावर ती जरा गोंधळली. आपण कुठं गेलो होतो ते आठवेना, म्हणून कपाळाला आठी घालून ती परत खडे शोधू लागली. सर्जेराव मात्र उठू शकले नाहीत. ती त्याही वेळी अशीच हो म्हणाली असती. कुणी पुसलं असतं, तर हौसेनं हो म्हणाली असती. म्हणून तर पुसायला पाहिजे होतं.

एकविसाव्या दिवशी ते चष्मा विसरले नाहीत. काचेवरचा प्रश्न त्यांनी स्वतः वाचला, अक्षर अक्षर. कुठल्याशा यंत्रानं काढलेली ती अक्षरं होती, सगळी एका जाडीची, जीव नसलेली.

"काका, नक्की?" नाझनीननं विचारलं. "एकदा जाळी सुकली की त्या कायम तुम्हाला दाजीच म्हणतील."

"तिला पुसलं मी."

"नाही म्हणाल्या?"

"व्हय म्हनाली. म्हनूनच नको."

त्यांनी 'जुनं राहू द्या, नवं शेजारी ठेवा' यावरच परत अंगठा ठेवला आणि हिरवी खूण येईपर्यंत उचलला नाही. नाझनीननं पाठ वळवली. खिडकी उघडायला गेली असावी. खिडकी उघडीच होती.

ऋतुजाला त्यांनी बाहेरच्या बाकावरून फोन केला. काय केलं ते सांगितलं.

"तुम्ही करू म्हणाला होतात, अप्पा," ती म्हणाली.

"म्हनालो हुतो."

"आता मी तिला काय म्हणू?"

"मावशी म्हन," सर्जेराव म्हणाले, आणि फोन कानाला तसाच धरून लेकीचं रडणं शेवटपर्यंत ऐकलं. तेवढं त्यांचं देणं होतं.

घरी आल्यावर त्यांनी शिडी काढली. दाराशेजारी लग्नाच्या वर्षी रंगवलेली पाटी होती, निळ्या अक्षरांची. 'सौ. वैजयंती सर्जेराव माळी'. ऊन खाऊन निळा राखाडी झाला होता, पण मात्रा अजून तशाच डौलदार. डाव्या अंगाला चार बोटं जागा रिकामी होती. शालन खाली रंगाचा डबा धरून उभी राहिली.

"दाजी, तिचं नाव पुसू नका हां."

"न्हाई."

"मला बी आवडतं ते. मोरावानी हाय."

त्यांनी श काढला. त्याला काना दिला. मग ल, मग न. सरळ तीन अक्षरं. उठाव नाही असं त्यांना एकेकाळी वाटलं होतं. आता 'न'च्या उभ्या रेघेवरून ब्रश खाली आणताना त्यांना दिसलं, की या नावात लपायला कुठं जागाच नाही. म्हणून तर ते टिकलं. शेवटची रेघ मात्र त्यांना नीट दिसली नाही. रंग ओघळला.

"रडा," खालून ती म्हणाली. "मानसानं रडावं. इतकी चांगली बाई गेली तुमची." तिनं डबा पायरीवर ठेवला, शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली, आणि त्यांना धीर यावा म्हणून त्यांच्या बायकोवर ओवी गाऊ लागली. ती आधी कुणी रचलेली नव्हती. तिथंच, शिडीखाली सुचली.

*वैजयंती माझी भैन । अर्ध्या वाटंला उतरली*
*तिच्या कुंकवाची डबी । माझ्यापाशी इसरली*

गाऊन झाल्यावर तिनं वर बघितलं. "खरंच हाय हां दाजी. तिची डबी माझ्या पिशवीत निगाली काल. देऊ का तुम्हाला?"

सर्जेरावांनी बाहीनं डोळे टिपले. ओघळलेल्या रंगाला हात लावला नाही.

"राहू द्या," ते म्हणाले. "तुमच्यापाशीच राहू द्या."